शून्य बरोबर एक होऊ नये म्हणून

आमच्या मास्तरांना भीती कशाची वाटावी? सापाची नाही, प्लेगाची नाही, साहेबाची तर मुळीच नाही. त्यांची भीती एकच. समजा एखादा माणूस नीट, एकही चूक न करता, बेरजा-गुणाकार करत गेला, करत गेला, आणि शेवटी 'शून्य बरोबर एक' या उत्तराला येऊन पोचला, तर?

"असं कधी झालं हाय का?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं.

"नाई झालं. पन होनार नाई याचा पुरावा कोनापाशी हाय? तुमच्यापाशी हाय?"

"माह्यापाशी कुठून राहीन? झालंच तं काय होते, मास्तर?"

"काय होते? शून्य अन् एक सारखे झाले का सारेच आकडे सारखे. दहा एकराचं वावर अन् शून्य एकराचं वावर एकच. तुमची मोजनीची साखळी नेऊन टाका मंग विहिरीत."

मी मोजणीदार. शेतं मोजायची, हद्दीचे दगड तपासायचे, गावाचे नकाशे काढायचे, ही माझी नोकरी. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. आमचे वरचे साहेब नागपूरला बसत, आणि आम्ही खाली उन्हात साखळी ओढत असू. मेहकरला बदली झाली तेव्हा मास्तरांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. मास्तर गावातल्या शाळेत गणित शिकवायचे. मॅट्रिकला गणितात माझी दोनदा दांडी उडालेली, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते म्हणाले, "बरं झालं. तुम्ही आंधळेपनानं मान डोलावनार नाई."

माणूस दिसायला किडकिडीत. एका कानावर निळी पेन्सिल, दुसऱ्या कानावर तांबडी. निळीने लिहायचं, तांबडीने खोडायचं. तांबडी आधी संपायची. शाळेत जाताना पावलं मोजायचे आणि येताना पुन्हा मोजायचे. दारात आले की हसतमुखाने वहिनींना जाहीर करायचे, "सातशे बारा. दोन्ही टाइम." वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. त्या ज्वारी पाखडता पाखडता म्हणायच्या, "मंग? रस्ता काय तानला जाईन का?" मास्तरांना मात्र मनापासून हायसं वाटायचं. अजून एक दिवस जग सुरळीत चाललं, असा तो आनंद असे.

वर्गात त्यांची एक खोड होती. पोरांनी उत्तर दिलं की मास्तर म्हणायचे, "बरोबर. आजवर तरी." दोन आणि दोन चार, आजवर तरी. पोरांना ते उत्तराचाच भाग वाटू लागलं. एकदा शाळा तपासनीस आले. त्यांनी विचारलं, "साता आठं किती?" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "छप्पन्न, आजवर तरी!" तपासनीस म्हणाले, हा काय वात्रटपणा? मास्तर पुढे झाले. "साहेब, उद्याही छप्पन्नच राहतील याचा पुरावा मी तयार करतो आहे. झाला की पोरं तेवढे दोन शब्द गाळतील." साहेबांनी शेरेबुकात काय लिहिलं ते कोणाला कळलं नाही, पण जाताना ते दारात थांबून बोटांवर काहीतरी मोजत होते, असं शिपाई सांगायचा.

मास्तरांच्या डोक्यात हे खूळ शिरलं कॉलेजात. त्यांचे प्रोफेसर एकदा बोलता बोलता म्हणाले होते, जर्मनीतल्या एका फार मोठ्या गणित्याने जगापुढे न सुटलेल्या प्रश्नांची यादी ठेवली आहे. त्यातला एक प्रश्न असा, की अंकगणित स्वतःच्याच विरुद्ध कधी बोलणार नाही हे सिद्ध करा. एवढं सांगून प्रोफेसर पुढच्या धड्याला लागले. बाकीची पोरंही लागली. मास्तर तिथंच राहिले. अकोल्याच्या मोठ्या शाळेतून बोलावणं आलं तर त्यांनी कळवलं, सध्या सवड नाही. सात वर्षं शाळा सुटली की ते ओसरीवर बसायचे आणि पुरावा लिहायचे.

लिहायचे कशावर? इथे माझा हातभार लागला. माझ्याकडे बाद झालेल्या नकाशांचा ढीग पडलेला असे. एखाद्या गावाचा नकाशा नव्याने निघाला की जुना कोणी विचारत नाही. कागद जाड, पाठ कोरी. मी ते मास्तरांना देऊ लागलो. मग पुराव्याच्या भागांना त्यांनी गावांचीच नावं दिली. पाठीमागे ज्या गावाचा नकाशा, ते त्या भागाचं नाव. जेवताना एकदम म्हणायचे, "सुलतानपुरात अडकलो होतो, आज निघालो बाहेर." किंवा, "बीबीत एक भोक हाय, ते बुजवाले दोन महिने लागतीन." शेजारच्या काकूंना कितीतरी दिवस वाटायचं की मास्तरांनी गावोगाव जमिनी घेतल्या आहेत.

वहिनींना हे सगळं कसं चालतं, असं मला वाटायचं. एकदा त्याच बोलल्या. "सात वर्सं झाले, भाऊजी. मानूस घरात हाय अन् घरात नाई. भाजीत मीठ नाई टाकलं तरी समजत नाई त्याईले. म्या एकदा मुद्दाम नाई टाकलं. खाऊन उठले. आता मी एवढीच वाट पाहून राह्यली, का हे एकदाचं पुरं होवो. मानूस तं वापस भेटन मले." एवढं बोलून त्या चुलीपाशी गेल्या. मला त्यांचा चेहरा दिसला नाही, आणि नाही दिसला ते बरंच झालं.

शेवटी ते पुरं झालं. नागपूरला गणिताचे प्रोफेसर वर्षातून एकदा जमायचे. मास्तरांनी त्यांना पत्र लिहिलं आणि उत्तर आलं: या, पाव तास मिळेल. घरात दिवाळी झाली. वहिनींनी पुरणपोळ्या केल्या. मास्तरांनी त्या खाल्ल्या आणि म्हणाले, "आज पोळी गोड झाली." वहिनी माझ्याकडे बघून हसल्या. सात वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याला चव लागली होती.

आता साफ नक्कल करायची होती. माझं अक्षर सरकारी, वळणदार. मास्तर म्हणाले, "मोजणीदार, तुम्ही उतरवून द्या." आमच्या हाती आठ दिवस होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मोजणीदाराला एक सवय असते. नवा दगड नोंदवला की तो कोणत्या जुन्या दगडापासून मोजला, हे शेजारी लिहायचं. हे चुकलं तर आमचा वरचा सर्कल इन्स्पेक्टर फोडून काढतो. आणि सगळ्यात मोठा गुन्हा कोणता? या दगडाची जागा त्या दगडावरून ठरवली, त्याची तिसऱ्यावरून, आणि तिसऱ्याची पुन्हा या पहिल्यावरून. कागदावर तिन्ही दगड पक्के दिसतात. जमिनीवर तिघेही हवेत असतात.

तर हात सवयीने चालला. मास्तर कुठे म्हणत, "हे बीबीत दाखवलेच आहे," की मी समासात बारीक अक्षरात लिही: बीबीवरून. बुधवारी दुपारी नक्कल संपली आणि मी समासावरून एकदा नजर फिरवली. सुलतानपूर टेकलं होतं बीबीवर. बीबी टेकलं होतं संग्रामपुरावर. आणि संग्रामपुरात, खालून चौथ्या ओळीत, मास्तरांनी लिहिलं होतं: सुलतानपुरात दाखवल्याप्रमाणे.

मी नक्कल मिटून ठेवली.

मी स्वतःला समजावलं, तुला काय कळतं? दोनदा नापास झालेला माणूस तू. गणितात असं चालत असेल. गुरुवारी पुन्हा पाहिलं. संग्रामपुराच्या पाठीवर जे लिहिलं होतं ते एकच गोष्ट मागत होतं: 'एकापासून सुरू करून पुढे पुढे जात राहिलं तर सगळ्या आकड्यांपर्यंत पोचतो, आणि वाटेत दगा होत नाही.' आणि अहो, तेच तर सिद्ध करायचं होतं! मला इंग्रजी सूत्रं कळत नव्हती, पण तीन दगड हवेत आहेत एवढं मला कळत होतं. शनिवारी सकाळच्या मोटारीने मास्तर नागपूरला निघायचे होते.

शुक्रवारी मी त्यांच्या दारात गेलो. मास्तर शाळेत होते. वहिनी ज्वारी निवडत बसल्या होत्या. माझं तोंड बघूनच त्यांनी सूप खाली ठेवलं.

"काय झालं, भाऊजी?"

"काई नाई."

"काई नाई कसं? तुमाले खोटं बोलता येत नाई. बसा अन् सांगा."

मी सांगितलं. दगडांचंच सांगितलं, कारण मला तेवढंच सांगता येत होतं. त्यांनी नीट ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे सात वर्साचं गेलं?"

"गेलं असं नाई... पन जसं हाय तसं ते उभं राहात नाई."

त्यांनी सूप पुन्हा उचललं आणि दोन खडे काढून टाकले. मला वाटलं, आता म्हणतील, नका सांगू. पाव तास बोलू द्या त्यांना, लोकांना कुठे कळणार आहे? मी खरं तर तेच ऐकायला गेलो होतो. मला धीर नव्हता.

"आजच सांगा," वहिनी म्हणाल्या. "नागपूरच्या चार शहान्या लोकांत कळन्यापरीस घरात कळू द्या. इथी निदान भाकर तं समोर राहीन."

मास्तर आले. दारात म्हणाले, "सातशे बारा." मी नक्कल पुढे केली आणि समासातल्या तीन टिपांवर बोट ठेवलं. सुलतानपूर, बीबी, संग्रामपूर. पुन्हा सुलतानपूर.

त्यांनी वाचलं. तिन्ही नकाशे मागवले, जमिनीवर पालथे पसरले आणि गुडघ्यांवर बसून एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात बोट फिरवत गेले. मग कानावरची तांबडी पेन्सिल काढली. एकच रेघ मारली, तीही अर्धी.

"हे तुम्हाले कधी दिसलं?"

"बुधवारी."

"अन् आज वार कोनता?"

"शुक्रवार."

आणि मग मास्तर जे संतापले म्हणता! मी त्यांना कधी आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. "दोन दिवस! दोन दिवस मी या खोट्याची उजळनी करत फिरून राह्यलो, अन् तुम्ही माह्या पंगतीले बसून जेवून राह्यले? काऊन नाई सांगितलं? दया आली माही? मले दया नाई पाह्यजे मोजणीदार, मले चूक पाह्यजे! सात वर्सात एकानं चूक काढली नाई, कारन एकानंही वाचलंच नाई. तुम्ही वाचलं, अन् तुम्हीही गप!"

मी खाली मान घालून उभा. मला रडू येत होतं, आणि वाईट याचं वाटत होतं की ते सात वर्षांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलले ते त्या दोन दिवसांबद्दलच. वहिनींनी ताट वाढलं आणि म्हणाल्या, "जेवा." मास्तर जेवले. चव लागली की नाही कोण जाणे. पाणी पिऊन म्हणाले, "सकाळी मोटारीवर या माह्यासंगं. पिशवी जड हाय."

"कुठी जाता आता, मास्तर?"

"नागपूरले. पाव तास दिला हाय त्याईनं. रिकामा कसा ठेवू?"

गेले. शनिवारी गेले ते सोमवारी यायचे. सोमवारची मोटार आली, तीत मास्तर नव्हते. मंगळवारी मी आणि वहिनी दोघंही मोटारीच्या अड्ड्यावर जाऊन उभे राहिलो. गावात बाईमाणसाने अड्ड्यावर असं उभं राहणं बरं दिसत नसे, पण वहिनींना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला दिसत होतं, कारण माझ्याही डोक्यात तेच होतं: वाटेत विहिरी आहेत, रूळ आहेत, आणि माणूस सात वर्षं हरून निघाला आहे. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होतो.

मोटार धुरळा उडवत आली. थांबायच्या आधीच खिडकीतून आरोळी आली, "मोजणीदार! मी एकटाच येडा नाई!"

मास्तर उतरले. टोपी वाकडी, काखेत कागदांचा गठ्ठा, चेहऱ्यावर धूळ आणि धुळीतून हसू. वहिनी वळल्या आणि घराकडे चालू लागल्या. पदर डोळ्यांना लावला होता. आम्ही दोघं त्यांच्या मागे चाललो, आणि मास्तर सांगू लागले.

झालं होतं असं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी पुरावा घेऊन येणार होतो. परवा मेहकरच्या एका मोजणीदाराने त्यात भोक दाखवलं. तेव्हा मी आता तुम्हाला ते भोक वाचून दाखवतो." पुढच्या बाकावरचे काही जण हसले. मास्तरांनी तीन गावांचे नकाशे टेबलावर पालथे मांडले आणि त्यांचा फेरा कसा पडतो ते दाखवलं. पाव तास संपला. तेव्हा मागून एक म्हातारे प्रोफेसर उठले आणि मास्तरांना हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेले. दोन दिवस ठेवून घेतलं. उशीर झाला तो त्यामुळे.

"त्याईनं काय सांगतलं माहीत हाय? तुम्ही जे म्हनलं, तेच व्हिएन्नाच्या एका पोरानं मागेच सिद्ध करून ठेवलं! तुम्ही म्हनता, मास्तरचे दगड हवेत हायत. तो म्हनते, कोनाचेही राहतीन. अंकगनिताच्या हद्दीच्या आत उभं राहून अंकगनिताची हमी देताच येत नाई. बाहेरचा दगड लागतेच लागते."

"म्हंजे तुमचा प्रश्न मेला?" मी घाबरून विचारलं.

"मेला? अहो, भांडन चालू हाय त्याच्यावर! जर्मनीत एकानं आताच बाहेरचा दगड रोवला अन् तिथून हमी देली. अर्धे म्हनतात, वा. अर्धे म्हनतात, हा दगड तरी हलत नाई कशावरून? पडक्या भिंतीले टेकू देला, पन टेकूच कच्चा असंन तं? मोठे मोठे लोक भांडून राह्यले, मोजणीदार. मले वाटे, हे माह्या एकट्याच्या डोक्यातलं भूत हाय. सात वर्सं वाटे, आपल्याले काई झालं तं नाई? कोनाले सांगू?"

हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. पुढे चालणाऱ्या वहिनींची पावलं हळू झाली. त्या ऐकत होत्या.

त्यानंतरच्या रविवारी मास्तर स्वतःहून म्हणाले, चला लोणारला जाऊ. वहिनींना चल म्हणाले! सात वर्षांत ते तिला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेले नव्हते. आम्ही तिघं सर्व्हिस मोटारीने सुलतानपुरावरून गेलो. सुलतानपूर आलं तेव्हा मास्तर बाहेर बघून म्हणाले, "खरं गाव बरंच की. माह्या सुलतानपुरापेक्षा पक्कं हाय." वहिनींना ते समजलं नाही, पण त्या हसल्या.

लोणारचा तो प्रचंड खड्डा तुम्ही पाहिला असेल. काठावर उभं राहिलं की खाली गर्द झाडी आणि मध्ये खारं पाणी. आम्ही उतरू लागलो. मास्तर पुढे, मागे वहिनी, मागे मी. मास्तरांचं तोंड चालूच.

"तो जर्मन काय म्हनते, आयका. आकड्यांच्याही वर उंच्या असतात. अशा, का तिथून पहिलं पाऊल खाली टाकलं का पुढची वाट तुम्ही म्हनान तेवढी लांब. लाख पावलाची घ्या, कोटीची घ्या. तुमची मर्जी. अट एकच. उतराचंच, चढाचं नाई. तो म्हनते, कुठूनही निघा, कोनतीही वाट घ्या, कधी ना कधी तळ येतेच. एवढं माना, मी शून्य अन् एक जन्मभर अलग ठेवून देतो."

"अन् भांडन कायचं?" मी विचारलं.

"एवढं तरी काऊन मानाव, याचंच. याले पुरावा काय?"

वहिनी घसरट वाटेवर झाडाची मुळी धरून थांबल्या होत्या. दम लागला होता. "उतरूनच राह्यलं मानूस," त्या म्हणाल्या, "तं तळाशी नाई जाईन तं कुठी जाईन?"

मास्तर थांबले. वळून त्यांनी बायकोकडे पाहिलं. असं पाहिलं, की ती आताच कुठून तरी आली आहे.

"अर्धी जर्मनी हे मानाले तयार नाई," ते हळूच म्हणाले.

"मंग आना त्याईले इथी. घोटे दुखले का मानतीन."

मास्तर हसू लागले. त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हसता हसता ते वाटेतल्या दगडावर बसले, डोळे पुसले, पुन्हा हसले. वहिनी आधी रागावल्या, मग त्याही हसू लागल्या. नंतर आम्ही पाण्यापर्यंत गेलो, झाडाखाली भाकरी सोडल्या. मास्तरांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "ठेच्यात मीठ कमी हाय."

वहिनींचा हात तसाच राहिला. "कमी हाय?" त्यांनी विचारलं. "खरंच कमी हाय?" आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मास्तर गोंधळले. एवढ्याशा मिठाचं काय रडायचं, ते त्यांना कळेना. मला कळत होतं. काही गोष्टी मोजणीदाराने सांगायच्या नसतात.

ऊन कललं तशी आम्ही उठलो. वहिनींनी वर पाहिलं, तो उभा चढ पाहिला आणि म्हणाल्या, "उतरलो खरं. आता चढाचं कसं?"

त्या काळी आमच्याकडे नवरा बायकोच्या दहा पावलं पुढे चालायचा आणि मागे वळूनही बघायचा नाही. मास्तर दोन पावलं परत खाली आले. "अवं, हात दे," म्हणाले, आणि माझ्यादेखत त्यांनी तिचा हात धरला. मी चटकन पाण्याकडे तोंड फिरवलं. पाण्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ती दोघं झाडीआड जाईपर्यंत मी बघत उभा राहिलो.